छकुलीचा बूट

मंगेशनं अकोल्याहून मोटारसायकलच्या मागच्या चाकाला नवा डिस्कब्रेक बसवून आणला, हळदीकुंकू वाहिलं आणि दोन वर्षांच्या छकुलीला टाकीवर बसवायला हात पुढे केले. “आता गाडी जागच्या जागी थांबते!” त्याच्या बायकोनं, प्राजक्तानं मागच्या टायरवरून हात फिरवला. नक्षी केव्हाच झिजली होती. “टायरचा गोटा झाला न् तुमी ब्रेकले कुंकू लावून राहिले? आधी थांबवून दाखवा, मंग पोरगी न्या पातूरले.” तिनं गल्लीत खडूनं रेघ ओढली आणि पलीकडे छकुलीचा वाजणारा बूट ठेवला. मंगेश हसत सुसाट आला, रेघेआधी ब्रेकवर पाय दिला. मागचं चाक गच्च थांबलं. गाडी मात्र घसरत रेघेपलीकडे गेली. पुढच्या चाकाखाली बूट वाजला, “पीं!” आईच्या कडेवर छकुली खिदळली, “बाबा, आनखी!” मंगेशचं हसू थांबलं. प्राजक्तानं किल्ली खसकन ओढून घेतली. “पायी जा, टायर आणा.”