डावी बाजू

होस्टेलच्या एकाच खोलीत वाढलेल्या त्या दोघी आता परदेशात बास्केटबॉल खेळत होत्या, प्रतिस्पर्धी क्लबांकडून. आपला डावा गुडघा दगा देतोय, हे मैत्रिणीने फोनवर फक्त तिलाच सांगितलं होतं.

उपांत्य सामना. बरोबरी, दोन मिनिटं बाकी.

"अरे, हिला अडवायचं तरी कसं?" मैत्रिणीकडे बोट दाखवत तिचे कोच वैतागले.

"डाव्या पायावर भार द्यायला लावा," ती बोलून गेली.

सामना त्यांनी जिंकला. मैत्रिणीला उचलून न्यावं लागलं.

सगळं कबूल करायला ती खालमानेने मैत्रिणीच्या ड्रेसिंग रूममध्ये गेली. गुडघ्यावर बर्फ धरून मैत्रीण हसली.

"आमच्या पोरी म्हणतात, तुमच्या टीमला माझ्या गुडघ्याचं ठाऊक होतं. वेड्या कुठल्या! तुझ्याशिवाय ठाऊक आहे कुणाला?"