अध्यक्षाच्या कानावर

"मर्फी नावाचा पोरगा हवाय मला," अनोळखी माणूस हॅट काउंटरवर ठेवत म्हणाला. "डाव्या पायाने खेळतो. शहरातल्या फुटबॉल संघात. घर याच गावात आहे म्हणतात."

ब्रायडी डिग्ननच्या दुकानात एका बाजूला चहा-साखर मिळायची, दुसऱ्या बाजूला काळी बिअर. दोन्ही बाजूंच्या माना एकदम वळल्या.

"मर्फी ना? ऑस्ट्रेलियाला गेला," ब्रायडी म्हणाली.

"वारला बिचारा," त्याच क्षणी पोस्टमन पॅकी म्हणाला.

"ऑस्ट्रेलियात वारला," ब्रायडीने सांधून घेतलं, आणि पॅकीकडे असं पाहिलं की त्याने नाक ग्लासात खुपसलं.

माणूस कोण आहे ते सगळ्यांनी कधीच ओळखलं होतं. बोली डब्लिनची, बूट चकचकीत, प्रश्न भरपूर. गेलिक खेळांच्या संघटनेचा हेर, दुसरा कोण? जो आपला गेलिक फुटबॉल खेळतो त्याने इंग्रजांच्या फुटबॉलला शिवायचं नाही, असा तेव्हा आमच्याकडे आयर्लंडात नियम होता. खेळायचं तर सोडाच, नुसता बघताना सापडला तरी बाद. मग पोरं शहरात जाऊन खोट्या नावाने खेळायची. एन्डा टॉर्मी तिकडे मर्फी होता. त्या संघात आणखी दोन मर्फी होते आणि खरा मर्फी एकही नव्हता.

रविवारी गेलिकचा जिल्ह्याचा अंतिम सामना होता. गावाने तो चषक कधी जवळून पाहिलाही नव्हता. एन्डा असला तर चषक आपला, नसला तर नाही, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. म्हणून अख्खं गाव सकाळपासून त्या माणसाला टोलवत होतं. मास्तरांनी कानावर हात ठेवले. फादर म्हणाले, या गावात मर्फी नावाचं मूल जन्मलेलंच नाही, आणि ते तर खरंच होतं.

कोपऱ्यातल्या बाकावर मालाकी टॉर्मी बसला होता. एन्डाचा बाप, आणि गावच्या गेलिक क्लबचा अध्यक्ष. त्याला माहीत नव्हतं असं नाही. एन्डाचे शहरात खेळायचे बूट त्याची आई कोंबड्यांच्या खुराड्यामागे वाळत घालायची, आणि तेव्हापासून मालाकीने अंडी आणायला तिकडे जाणं सोडलं होतं. जे अध्यक्षाच्या कानावर आलं नाही, त्यावर अध्यक्षाला काही करावं लागत नाही. पण गेल्या वर्षी ब्रायडीच्या शेमसचं नाव कानावर आलं, तेव्हा त्याने भर सभेत पोराला बाद केलं होतं. शेमसने त्यानंतर चेंडूला पाय लावला नाही.

आणि तीच ब्रायडी आता मालाकीच्या पोरासाठी खोटं बोलत होती. मालाकीला तिच्याकडे बघवेना.

माणसाने हॅट उचलली. "चुकीच्या गावात आलो म्हणायचं. निघतो मग. संध्याकाळची गाडी गाठायला हवी."

"थांबा," मालाकी उठून उभा राहिला. "मर्फी नव्हे. एन्डा टॉर्मी. माझा मुलगा आहे तो."

"मालाकी, मेल्या, तोंड बंद कर!" ब्रायडी ओरडली.

"तुझ्या पोराला एक नियम आणि माझ्या पोराला दुसरा, हे मला नाही जमायचं."

"मी म्हटलं का तुला काही? बोलले का कधी?"

"नाही बोललीस, तेच तर." मालाकी त्या माणसाकडे वळला. "घ्या लिहून. बापानेच सांगितलं, असंही लिहा."

माणूस धपकन बाकावर बसला आणि हसायला लागला. "अहो, पाय तुटले माझे सकाळपासून! मी कसला लिहून घेतोय? मी इंग्लंडच्या एका फुटबॉल क्लबचा माणूस. गेला महिनाभर बघतोय तुमच्या मुलाला. आम्हाला तो हवाय, पगारी खेळाडू म्हणून. वय लहान आहे, त्यामुळे बापाची सही लागते. सोमवारच्या बोटीने जायचंय."

रविवारचा सामना जाईल, एवढी मनाची तयारी मालाकीने केली होती. पोरगा जाईल, ही केली नव्हती. एकुलता एक पोरगा होता. मालाकीने टोपी काढून हातात घेतली.

"तिकडे स्वतःच्या नावाने खेळेल ना?" त्याने विचारलं.

"पाटीवर लावतील नाव."

मालाकीने सही केली. अक्षर नीट आलं.

एन्डा टॉर्मी इंग्लंडात अकरा मोसम खेळला. देशाची हिरवी जर्सीही त्याने घातली, आणि त्याचं नाव रेडिओवर आलं की ब्रायडीच्या दुकानात बिअर ओतणं थांबायचं. पण ते सगळं पुढचं. त्या दुपारी पॅकीच्या डोक्यात फक्त रविवार होता, आणि आता त्याचा चेहरा एकदम उजळला.

"म्हणजे हा हेर नाहीच! अरे मालाकी, मग बिघडलं कुठे? बोट सोमवारची. रविवारी एन्डा खेळतोय!"

सगळ्या दुकानाने मालाकीकडे पाहिलं. ब्रायडीनेसुद्धा.

"नाही खेळणार," मालाकी म्हणाला. "अध्यक्षाच्या कानावर आलंय."

"पण घातलं कोणी तुझ्या कानावर?"

"मी," मालाकी म्हणाला, आणि खुराड्यामागचे बूट आणायला घरी गेला.