पिंजऱ्यावरचं कापड

"पांढरं कापड आणलंत?" पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

घड्याळजी आजोबांनी पिशवीतून घडी काढली. रात्रभर ते कापड पोपटाच्या पिंजऱ्यावर टाकलेलं होतं. उलगडताच त्यावरचे बारीक लाल ठिपके चालू लागले.

"हे बघा चोर. दिवसभर लाकडी दांडीच्या फटीत दडी मारतात आणि रात्री याचं रक्त पितात. मग हा बोलणार कसा?"

टेबलावर पोपट पिसं फुलवून मलूल बसला होता. एरवी त्याच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालायचा म्हणे. आता अवाक्षर नाही.

"वाचेल ना?" घड्याळाच्या केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणाऱ्या बोटानं आजोबांनी पोपटाचं डोकं हळूच खाजवलं. "आमच्या हिचा आवाज आता याच्याकडेच उरलाय. तिनंच बोलायला शिकवलं याला. दोन वर्षं झाली."

बाईंना भरून आलं. उगाच त्या पोपटाची पिसं चाचपत राहिल्या.

"पिंजरा रात्री कुठे असतो?"

"खाटेच्या उशाशी."

"अहो, हे किडे माणसालाही चावतात! तुम्हाला खाज?"

"मला नाही. पण मलम द्या."

म्हातारा दुखणं अंगावर काढतोय, बाईंनी ओळखलं. मलम दिलं, दांडी जाळून पिंजरा उकळत्या पाण्यानं धुवायला सांगितलं आणि पोपटाला दवाखान्यातल्याच एका पिंजऱ्यात ठेवून घेतलं.

मानेवर औषधाचे थेंब पडले. किडे गेले, पोपट दाणे टिपू लागला, पण बोलेना. बाई त्याच्याशी गप्पा मारून थकल्या.

मग एका सकाळी त्या कामात गढलेल्या असताना मागून दटावणी आली, "अहो, चहा गार होतोय!"

आवाज बाईमाणसाचा, ठसक्याचा आणि मायेचा. डॉक्टरीणबाई हसल्या आणि रडल्याही. एकट्या माणसाला एवढा आनंद फोनवर काय द्यायचा? दवाखाना बंद करून त्या स्वतःच पिंजरा घेऊन निघाल्या.

आजोबांनी दार उघडलं. पिंजरा बघताच त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. त्यांनी बाईंना थेट आतल्या खोलीत नेलं.

खाटेवर उशीला टेकून आजी बसल्या होत्या. मनगटावर मलमाचे पांढरे ठिपके, गळ्यावर ऑपरेशनचा लांब व्रण. पोपट दिसताच त्यांचा चेहरा उजळला. ओठ हलले, पण आवाज निघाला नाही.

"अहो," पोपट म्हणाला, "चहा गार होतोय!"

"आलो गं," आजोबा आजींकडे बघत म्हणाले.