तिहेरी कसोटी

"यंत्र आहे ते. माणूस नाहीच!" चष्मेवाल्याने दुकानाच्या काउंटरवर मूठ आपटली.

समोर त्याची धाकटी बहीण बसली होती. 'पुराव्याने बोला' हा इंटरनेटवरचा गट तीन वर्षांपूर्वी तिनेच त्याला काढून दिला होता. ती एका कंपनीत होती. ग्राहकांच्या तक्रारींना आपोआप गोड उत्तरं देणारे प्रोग्रॅम लिहायची.

"कोण यंत्र आहे, दादा?"

"उंटावरचा शहाणा. नावातच आलं सगळं!"

गटात सगळ्यांना टोपणनावं. चष्मेवाल्याला धरून चाळीस सभासद. दुकानातली गिऱ्हाइकं त्याच्या शंकांना विटली होती आणि नातेवाईक तर 'त्याला काही सांगू नका, पुरावा मागेल' म्हणून टाळायचे. मेहुण्याचे फोन येणं बंद होऊन दोन वर्षं झाली. गटातले लोक मात्र त्याचा शब्द वरच्यावर झेलायचे. विरोध करायचे, नाही असं नाही. पण कसा? शांतपणे, मुद्देसूद, आणि शेवटी "तुमचं पटलं" म्हणून. याला म्हणतात विवेक! त्यांच्या जोरावर तर तो सकाळी उत्साहाने उठायचा.

आणि रविवारी ही सगळी मंडळी पहिल्यांदा प्रत्यक्ष भेटणार होती. त्याने वाचनालयाचं सभागृह ठरवलं होतं, नवा शर्ट शिवला होता. सगळ्यांनी लगेच लिहिलं होतं, 'कल्पना उत्तम आहे.' अशा मेळाव्यात एखादा खोटा घुसला तर जन्मभराचं हसं व्हायचं.

"यंत्र कशावरून?" बहिणीने विचारलं.

"तिहेरी कसोटी लावली. एकच प्रश्न तीन दिवस, तीन तऱ्हांनी विचारला. बाकी सगळ्यांची उत्तरं तिन्ही वेळा तंतोतंत सारखी. आणि हा बेटा? एकदा हो, एकदा नाही, आणि तिसऱ्यांदा म्हणतो, मुलीला ताप आहे, नंतर सांगतो!"

"माणसाचं मन बदलतं की."

"विचारी माणसाचं पुराव्याशिवाय नाही बदलत."

बहिणीने खुर्ची पुढे ओढली. "तो तुझ्याशी भांडायचा ना रे?"

"नुसता भांडायचा? गेल्या महिन्यात सगळ्यांसमोर लिहितो, तुम्ही चुकताय, आणि एकटे पडत चाललाय, या एकदा घरी चहाला. चहाला! मुद्दा काय, हा बरळतोय काय! माणूस असं करेल?"

"दादा, ऐक माझं. त्याला काढू नकोस. रविवारी येऊ दे, डोळ्यांनी बघ."

"तुझं मन हळवं. अगं, मी मतदान घेतलं. अडतीस मतं पडली, अडतीसच्या अडतीस माझ्या बाजूने. मिनिटभरात! एक मत फुटलं नाही."

"आणि?"

"आणि काय? सकाळीच हाकलला."

"त्याचा फोन, पत्ता काही आहे तुझ्याकडे?"

"कशाला असेल? यंत्राला कुठला पत्ता?" तो खदाखदा हसला. इतका खूश तो कित्येक वर्षांत झाला नव्हता.

बहिणीचा चेहरा मात्र पार उतरला. "मी तुला कितीदा सांगायचं ठरवलं रे," ती म्हणाली. "पण तू इतका आनंदात असायचास, धीरच होईना."

"नंतर सांग काय ते. हा बघ, सभागृहवाल्याचा फोन वाजतोय, खुर्च्या किती मांडायच्या विचारत असेल. एक वजा झाला, म्हणजे एकोणचाळीस सांगू ना?"

"एकच खुर्ची सांग, दादा," ती म्हणाली. "काल विचारलं असतंस तर दोन म्हटलं असतं."