सभेचा मेल

"भाऊसाहेब, यंदा सभेचा मेल चाळीसच्या चाळीस हजार सभासदांना पोचला," माजी विद्यार्थी संघाचं संगणकाचं काम बघणारी देवयानी अभिमानाने म्हणाली. "दरवर्षी सगळे मेल एकाच सर्व्हरवरून एकदम सुटायचे, म्हणून स्पॅममध्ये जाऊन पडायचे. मी ते सहा सर्व्हरवर वाटून सोडले."

अध्यक्ष भाऊसाहेबांच्या हातातला चहाचा कप हातातच राहिला. गेली अकरा वर्षं सभेला कोणी फिरकत नसे. कोरमअभावी सभा अर्धा तास तहकूब व्हायची आणि मग त्याच जागी सात पदाधिकारी भाऊसाहेबांना बिनविरोध निवडून जेवायला बसायचे.

रविवारी सभागृहात उभं राहायलाही जागा नव्हती. "सभा असते हेच आम्हाला कोणी कळवत नव्हतं," म्हणत चितळकर वकील उठले, लोकशाहीवर वीस मिनिटं बोलले आणि प्रचंड मतांनी अध्यक्ष झाले.

गळ्यात हार असतानाच त्यांनी देवयानीला बाजूला घेतलं.

"काम फार छान केलंत," ते हळूच म्हणाले. "पुढच्या वर्षीपासून मात्र सहा सर्व्हर नकोत. पूर्वीसारखा एकच पुरे."