समोरचा पडदा

मुलगा स्टुलावर चढून खिडकीच्या चौकटीत भोकं पाडत होता आणि आईचं सगळं लक्ष रस्त्यापलीकडच्या इमारतीकडे होतं. मास्तरीणबाईंच्या खिडकीतला पडदा पार वरपर्यंत गुंडाळलेला होता. कालही तसाच होता. एरवी बाई तो अर्ध्याच्या वर जाऊ देत नसत, कारण खिडकीतल्या रोपाला थेट ऊन सोसत नव्हतं.

"आई, इकडे बघ ना. कुणासाठी चाललंय हे?"

"बघतेय रे. तू कर तुझं."

मुलगा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. वर-खाली होणारी कुठलीही वस्तू दिसली की तिला मोटर लावल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. आईचा खांदा आखडला तेव्हापासून तर तो हात धुऊन पडद्याच्या मागे लागला होता. पडदा तोच, मण्यांची साखळीही तीच, फक्त साखळी ओढायला मुठीएवढी मोटर. आधी त्याने ती मास्तरीणबाईंकडे बसवली आणि हात बसवून घेतला. बाईंनी भिंतीवर बटण लावून घेतलं होतं. दाबलं की पडदा सरकायचा, सोडलं की थांबायचा.

आई पुन्हा खिडकीशी आली. मग पाणी प्यायला गेली, न पिताच परत आली.

"अगं, एका जागी बस की. पायात येतेयस."

ती बसली. पडदा वर आहे म्हणजे बाई उठल्यात, एवढं पुरे, असं तिने स्वतःला बजावलं. त्या दोघींचं तसं ठरलेलंच होतं. सकाळी उठल्या उठल्या आपापला पडदा वर करायचा. समोरचा वर गेला नाही, तर खिळ्याला अडकवलेली दुसरी किल्ली घ्यायची आणि तडक जायचं. फोन करून 'आहात ना?' असं विचारलेलं बाईंना अजिबात खपत नसे. मुलाला यातलं काही माहीत नव्हतं. कळलं असतं तर त्याने आईला दुसऱ्याच दिवशी सामानासकट उचलून आपल्या घरी नेलं असतं, आणि तिथे जायचा विचारही तिला नको वाटे.

"झालं!" मुलगा स्टुलावरून उतरला. त्याने खिशातून फोन काढला, बोट टेकवलं आणि पडदा हलकेच घरघरत वर गेला. "हे काहीच नाही. खरी मजा पुढे आहे. सूर्य उगवला की आपोआप वर, मावळला की आपोआप खाली. तू आपली खुशाल लोळत पड."

"मी न उठताच?"

"तू घरात नसलीस तरी."

आईने समोर बघितलं. मग त्याच्याकडे.

"बाईंच्या पडद्यालाही हे लावलंयस?"

"परवा रात्री. त्यांची मोटरही माझ्या फोनला जोडलेली आहे, घरी बसल्या बसल्या चालू करून टाकलं. त्यांना सांगितलं नाही अजून, म्हटलं सकाळी उठतील आणि बघतच राहतील."

तिने खिळ्यावरची किल्ली ओढली, एक पाय स्वतःच्या आणि एक मुलाच्या चपलेत सरकवला आणि दार उघडं टाकून ती जिना उतरू लागली.

"अगं, झालं काय?" तो मागून धावला.

"त्या उठल्या की नाही, हे मला त्या पडद्यावरून कळतं रे! त्या जिवंत आहेत की नाही, हे कळतं!"

पलीकडच्या जिन्यावर तोच पुढे होता.

बेल वाजवली, पण आतून उत्तर नाही. आईच्या हातातली किल्ली त्याने घेतली आणि दार उघडलं. बाहेरच्या खोलीत संध्याकाळचं तिरपं ऊन पडलं होतं आणि खिडकीतल्या रोपाने मान टाकली होती.

बाई आतल्या खोलीत, पलंग आणि कपाट यांच्यामध्ये पडल्या होत्या. पलंगावरची चादर त्यांनी कशीबशी अंगावर ओढून घेतली होती. एक पाय भलतीकडेच वळला होता. पण डोळे उघडे होते.

"आलीस एकदाची," त्या म्हणाल्या. आवाज म्हणजे नुसता खरखराट.

आईने खाली बसून त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमच्याने पाणी ओठांना लावलं. तिचे डोळे वाहत होते, ते पुसायला हात मोकळा नव्हता. मुलाने दारातच उभं राहून ॲम्ब्युलन्स बोलावली. पत्ता सांगताना तो दोनदा चुकला.

"काल उजाडायच्या आत पडले गं. फोन बाहेरच्या खोलीत," बाई म्हणाल्या. "मी म्हटलं, घाबरायचं काही कारण नाही. पडदा वर दिसला नाही की ती येईलच." त्यांनी आईचं मनगट धरलं. "का नाही आलीस?"

तिने मुलाकडे बघितलं नाही, मुद्दामच बघितलं नाही.

बाहेरच्या खोलीतलं ऊन गेलं होतं. मोटर घरघरली आणि पडदा खाली येऊ लागला.

बाईंची पकड घट्ट झाली. "ऐकलंस? बघ, पुन्हा आलंय कुणीतरी. काल सकाळी येऊन पडदा वर करून गेलं, संध्याकाळी खाली करून गेलं. आज सकाळीही आलं होतं. मी घसा फाटेस्तोवर हाका मारल्या गं. पण आत कुणी डोकावलंसुद्धा नाही."