मिटलेले डोळे

रोमानियातल्या याश शहरात, घरच्या छोट्या स्वयंपाकघरात भर दुपारी इलिंका कॉम्प्युटरवर स्वतःच्याच लग्नाची पत्रिका करत होती. वर तिचा नि मातेईचा फोटो, खाली नावं. शेजारी आई कोबीच्या पानांत खिमा भरत होती.

मातेईचं लग्न आधी ठरलं होतं ते तिच्या थोरल्या बहिणीशी, स्मरांडाशी. स्मरांडा शेवटच्या आजारात दवाखान्यात पडून होती, तेव्हाच ही दोघं जवळ आली. घरात ते कुणी बोलून दाखवत नसे.

प्रिंटरमधून पहिला कागद बाहेर आला. फोटोत इलिंकाचे डोळे मिटलेले होते. स्क्रीनवर मात्र ते चांगले उघडे होते.

तिने दुसरा फोटो लावला. पुन्हा तेच.

"प्रिंटर बिघडलाय गं, आई." आवाज तिचा तिलाच खोटा वाटला.

आईने हात पुसून कागद उचलला. "फोटो काढताना स्मरांडा अश्शीच डोळे मिटायची."

"आई, नको ना!"

आईने कागदावरच्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं. "उघड गं डोळे, स्मरांडा बाळा. किती रागावशील तिच्यावर?"

प्रिंटर आपणहून सुरू झाला. कागद हळूहळू बाहेर आला.

डोळे उघडे होते. ते समोर नाही, शेजारच्या मातेईकडे बघत होते.